अळवावरचा थेंब आणि लंडनचा डॉक्टर

पावसाळ्यात अळूच्या पानावर पडलेला थेंब पसरत नाही. तो गोटीसारखा गोल राहतो, वारा आला की घरंगळतो आणि पान कोरडेच राहते. तोच थेंब स्वच्छ घासलेल्या काचेवर टाकला, तर चपटा होऊन पसरतो. मेणकापडावर तो या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबतो. पाणी तेच, पण खालचा पृष्ठभाग बदलला की थेंबाची बसण्याची तऱ्हा बदलते. थेंबाची कड जिथे पृष्ठभागाला टेकते, तिथे एक कोन तयार होतो. काचेवर तो जवळजवळ शून्य अंश असतो, अळूच्या किंवा कमळाच्या पानावर 150 अंशांच्या आसपास. याला स्पर्शकोन म्हणतात.

आज हा कोन मोजणारी यंत्रे औषध कारखान्यांत, रंगांच्या कारखान्यांत आणि नॅनोकणांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत असतात. त्या यंत्रांमागचा नियम मात्र दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे आणि तो मांडणारा माणूस पेशाने डॉक्टर होता. त्याचे नाव थॉमस यंग. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘यंगचा प्रयोग’ आणि ‘यंगचा गुणांक’ शिकलेल्यांना हे नाव ठाऊक असते. हा माणूस आयुष्यभर रुग्ण तपासत होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

यंग यांचा जन्म 13 जून 1773 रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील मिल्व्हर्टन या गावी झाला. दहा भावंडांत ते थोरले. वडील कापडाचे व्यापारी, जोडीला पेढीचाही व्यवहार. घर क्वेकर पंथाचे, म्हणजे साधे कपडे, साधे बोलणे, नाचगाणे वर्ज्य. थॉमस दोन वर्षांचा असताना वाचू लागला आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याचे बायबल दोनदा वाचून झाले होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. थोरांच्या बालपणाच्या कथा जरा जपूनच ऐकाव्यात. पण या मुलाचे पुढचे आयुष्य पाहता ही कथा फार अशक्य वाटत नाही.

लहानपणाची बरीच वर्षे आजोळी गेली. शाळेत लॅटिन आणि ग्रीकबरोबर तो लेथ चालवायला, भिंगे घासायला आणि दुर्बिणी जोडायला शिकला. चौदाव्या वर्षी एका श्रीमंत क्वेकर कुटुंबात हडसन गर्नी या मुलाचा सोबती आणि शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. हा गर्नी त्याच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान होता! तिथल्या पाच वर्षांत हिब्रू, अरबी, फारसीपर्यंत त्याची मजल गेली. गर्नीशी जुळलेली मैत्री मात्र मरेपर्यंत टिकली.

याच काळात, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, थॉमसला छातीचा विकार जडला. क्षय असावा, अशी शंका होती. त्या काळी या शंकेचा अर्थ घरच्यांना समजावून सांगावा लागत नसे. आईचे मामा रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमधले नामांकित डॉक्टर. त्यांनी उपचार केले, मुलगा वाचला आणि आजोबांच्या नात्याच्या या डॉक्टरांचा त्याच्यावर जीव बसला. डॉक्टर व्हायचे, हे त्यातूनच ठरले.

1792 मध्ये यंग लंडनला आले. शरीररचनेचे शिक्षण घेत असताना एका बैलाच्या डोळ्याचे विच्छेदन त्यांनी केले. जवळचे पाहताना आणि दूरचे पाहताना डोळा स्वतःला जुळवून कसा घेतो, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. बुबुळाची पारदर्शक पुढची भिंत फुगते का? सगळा डोळाच लांबट होतो का? की आतले भिंग आकार बदलते? यंग यांनी भिंगाच्या बाजूने मत दिले आणि 1793 मध्ये तसा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. तेव्हा ते 20 वर्षांचेही नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांना सोसायटीचे सभासद करून घेण्यात आले. मग काही मातब्बर मंडळींनी प्रयोग करून उलटे मत दिले, तेव्हा यंग यांनी आपले म्हणणे चक्क मागे घेतले.

पण विषय डोक्यातून गेला नव्हता. काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्याच डोळ्यावर जे प्रयोग केले, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. डोळा नाकाकडे वळवायचा आणि किल्लीची कडी बाहेरच्या बाजूने आत सारून बुबुळाच्या मागच्या भागावर दाबायची. दाबलेल्या जागी प्रकाशाचा ठिपका दिसतो. जवळचे पाहताना डोळा लांबत असेल तर हा ठिपका बदलायला हवा. तो बदलला नाही. दुसऱ्या प्रयोगात पाणी भरलेली छोटी नळी डोळ्याला लावून त्यांनी पुढच्या भिंतीचा परिणाम पुसून टाकला, तरीही जवळ-दूरचे जुळवून घेता येत होतेच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग काढून टाकलेले काही रुग्ण त्यांनी तपासले. त्यांना मात्र ते जुळवून घेता येत नव्हते. म्हणजे करामत भिंगाचीच. याच तपासणीत आपल्या एका डोळ्याला आडव्या आणि उभ्या रेषा एकाच अंतरावर नीट दिसत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आले. चष्म्याच्या चिठ्ठीवर जो ‘सिलिंड्रिकल’ नंबर लिहिलेला असतो, त्या दोषाचे हे पहिले वर्णन. भिंग स्वतःच स्नायू आहे, ही त्यांची समजूत चुकीची होती. भिंगाला हलवणारा स्नायू पुढे इतरांनी शोधला.

दरम्यान एडिंबरा आणि जर्मनीतले गटिंगेन असा प्रवास झाला. 1796 मध्ये गटिंगेनची डॉक्टरेट मिळाली. या काळात त्यांनी नाच शिकला, बासरी वाजवली, नाटके पाहिली आणि क्वेकर पंथ सुटला. एवढे होऊनही लंडनमध्ये व्यवसाय करायचा तर तिथल्या वैद्यक परिषदेचा नवा नियम आडवा आला: एकाच विद्यापीठात सलग दोन वर्षे शिकलेले असले पाहिजे. म्हणून डॉक्टर झालेला हा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन केंब्रिजला गेला. तिथली मुले त्यांना ‘फिनॉमिनन यंग’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिडवणे किती, कोण सांगणार! 1797 च्या अखेरीस ब्रॉकल्सबी वारले आणि भाचीच्या या मुलाला लंडनमधले घर, ग्रंथसंग्रह, चित्रे आणि सुमारे 10 हजार पौंड ठेवून गेले. पोटाची चिंता मिटली. पुढे वेलबेक स्ट्रीटवर यंग यांनी दवाखाना थाटला.

रुग्ण फारसे येईनात. 1801 मध्ये नव्याने सुरू झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले. यंत्रांपासून संगीतापर्यंत, भरती-ओहोटीपासून दृष्टीपर्यंत सगळ्या विषयांवर त्यांनी व्याख्याने दिली. माल भरगच्च, पण वाढण्याची हातोटी नव्हती. त्याच संस्थेत तरुण रसायनज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांना गाड्यांची रांग लागे. यंग यांची व्याख्याने लोकांच्या डोक्यावरून जात. दोन वर्षांत त्यांनी ते पद सोडले. डॉक्टर विज्ञानाच्या नादी लागला आहे, अशी हाकाटी झाली तर रुग्ण फिरकणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. ही भीती त्यांना जन्मभर पुरली.

तोवर प्रकाशाचे प्रकरण उभे राहिले होते. प्रकाश म्हणजे कणांचा झोत, असे न्यूटनचे मत आणि इंग्लंडमध्ये न्यूटनच्या विरोधात बोलणे म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखे. यंग यांनी प्रकाश लहरींचा असल्याचे सांगितले. खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून आत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत त्यांनी एक इंचाचा तिसावा भाग रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरली आणि तिच्या सावलीत रंगीत पट्टे दाखवले. पट्टीची एक बाजू झाकली की ते पट्टे नाहीसे होत. दोन्ही बाजूंनी वळून आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, कुठे वाढतो आणि कुठे मावळतो, हा त्याचा अर्थ.

एडिंबरा रिव्ह्यू या वजनदार नियतकालिकात हेन्री ब्रूअम नावाच्या तरुण वकिलाने निनावी लेख लिहून या सगळ्याची यथेच्छ टवाळी केली. यंग यांनी 1804 मध्ये उत्तरादाखल एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. ती एकच प्रत विकली गेली, असे त्यांनीच पुढे नमूद केले. त्याच पुस्तिकेत त्यांनी जाहीर केले होते की, इथून पुढे आपण वैद्यकाखेरीज कशावरही लिहिणार नाही. नुकतेच, त्याच वर्षी जूनमध्ये, त्यांचे एलायझा मॅक्सवेल यांच्याशी लग्न झाले होते. संसाराला स्थिर मिळकत हवी, हेही मनात असणार.

आणि 20 डिसेंबर 1804 रोजी, ती शपथ ओली असतानाच, रॉयल सोसायटीत यंग यांचा एक निबंध वाचला गेला. विषय होता द्रवांची संसक्ती, म्हणजे द्रवाच्या कणांचे एकमेकांना धरून राहणे. वैद्यकाशी त्याचा वरवर तरी काही संबंध नव्हता.

निबंधात दोनच मुख्य गोष्टी होत्या. पहिली, द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो आणि त्याचा ताण सगळीकडे सारखा असतो. पृष्ठभाग जिथे वळलेला असेल तिथे या ताणामुळे आतला दाब वाढतो. वळण जितके तीव्र, तितका दाब जास्त. मोठ्या बुडबुड्यापेक्षा लहान बुडबुड्याच्या आत दाब अधिक असतो, तो यामुळे. दुसरी गोष्ट, एखादा घन पदार्थ आणि एखादा द्रव अशी जोडी ठरली की त्यांच्यातला स्पर्शकोनही ठरतो. थेंब लहान असो वा मोठा, नळी बारीक असो वा जाड, कोन तोच.

हे का घडते? थेंबाच्या कडेवर तिघांची ओढाताण चाललेली असते. कोरडा पृष्ठभाग कडेला बाहेर ओढतो, कारण त्याला झाकले जायचे असते. थेंबाखालचा ओला पृष्ठभाग तिला आत ओढतो. आणि थेंबाचा स्वतःचा वरचा पडदा तिरका ओढतो. या तिघांची बरोबरी जिथे होते, त्या कोनात कड थांबते. काचेला पाणी जवळचे वाटते, म्हणून कड पुढे सरकत जाते. पाऱ्याच्या कणांना एकमेकांचीच ओढ फार. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, तर पाऱ्याचा त्याच्या साडेसहा पटींहून अधिक. म्हणून काचेवर पारा 140 अंशांच्या आसपासचा कोन करून टेंगळासारखा बसतो. ताप मोजायचा जुना थर्मामीटर फुटला की पाऱ्याच्या गोळ्या फरशीवर का पळत सुटतात, त्याचे उत्तर हेच.

गंमत अशी की हा सगळा निबंध यंग यांनी एकही समीकरण न मांडता लिहिला. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या माणसाला चिन्हांचे वावडे का असावे? गोष्ट शब्दांत सांगता येत असेल तर चिन्हांचा पसारा कशाला, असा काहीसा त्यांचा हट्ट होता. परिणाम व्हायचा तोच झाला. वाचणाऱ्यांना तो निबंध अतिशय दुर्बोध वाटला. 1806 मध्ये फ्रान्सचे थोर गणिती लाप्लास यांनी हाच विषय नेटक्या गणिताने मांडला आणि जगाने तो त्यांच्याकडून शिकला. आपल्याला पुरेसे श्रेय मिळाले नाही, असे यंग यांना वाटले आणि 1809 मध्ये क्वार्टर्ली रिव्ह्यूमध्ये त्यांनी लाप्लास यांच्या ग्रंथावर कडक परीक्षण लिहिले. तेही नाव न देता. ब्रूअमच्या निनावी लेखाने पोळलेल्या माणसाने हे करावे, हे जरा खटकतेच. आज वळलेल्या पृष्ठभागावरच्या दाबाचा नियम यंग आणि लाप्लास या दोघांच्या नावाने ओळखला जातो, स्पर्शकोनाचा नियम एकट्या यंग यांच्या.

पुढे ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या पुरवणीत याच विषयावर लिहिताना यंग यांनी आणखी एक हिशेब मांडला. पृष्ठभागाचा ताण माहीत आहे, द्रव फाडून वेगळा करायला किती जोर लागेल याचा अंदाज बांधता येतो. मग कणांची एकमेकांवरची ओढ किती अंतरापर्यंत पोहोचते? त्यांचे उत्तर होते, इंचाच्या 25 कोटीव्या भागाइतके. मेट्रिक मापात ते सुमारे 0.1 नॅनोमीटर होते. अणूंचे अस्तित्वही सर्वमान्य नव्हते, त्या काळात केवळ पाण्याच्या थेंबाकडे पाहून एक डॉक्टर नॅनोमीटरच्याही खाली जाऊन पोहोचला होता. कोणाचे लक्ष गेले नाही. लॉर्ड रॅले यांनी 1890 मध्ये हा हिशेब पुन्हा उजेडात आणला.

नॅनोकण मिसळलेल्या द्रवांपाशी यंग यांचा कोन आज वेगळ्याच परीक्षेला बसला आहे. तांब्याचे, ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकाचे काही नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात किंवा तेलात विखरून ठेवलेल्या द्रवाला नॅनोफ्लुइड म्हणतात. हे नाव 1995 मध्ये अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी रूढ केले. हेतू होता यंत्रांतली उष्णता लवकर वाहून नेण्याचा. वैद्यकातही असे द्रव आहेत. रक्तक्षय झालेल्या गरोदर बाईला सलाइनमधून दिले जाणारे आयर्न सुक्रोज म्हणजे साखरेचे आवरण असलेले लोहाचे नॅनोकणच.

अशा द्रवाची मोजणी करायची पद्धत दिसायला सोपी आहे. सपाट पृष्ठभागावर सुईने काही मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा, मागून उजेड टाकायचा, बाजूने कॅमेऱ्याने फोटो घ्यायचा आणि कडेपाशी स्पर्शरेषा काढून कोन वाचायचा. पृष्ठताण मोजायला तोच थेंब सुईच्या टोकाला लोंबकळत ठेवतात. वजन त्याला खाली खेचते, ताण त्याला गोल ठेवू पाहतो आणि त्याच्या पेअरसारख्या आकारावरून संगणक ताण काढतो. किंवा प्लॅटिनमची पातळ पट्टी द्रवात टेकवून तिला बसणारी ओढ काट्यावर तोलतात.

खरी मेख पुढे आहे. थेंब सुकू लागला की कण कडेला जाऊन साचतात, चहाच्या डागाची कड गडद असते तशी. मग कड जागीच अडकते आणि कोन वेळेनुसार बदलत जातो. कण खाली बसले तर खालचा पृष्ठभागच नवा होतो. उकळत्या नॅनोफ्लुइडमध्ये तापलेल्या धातूवर कणांचा थर बसतो आणि पाणी त्याला अधिक चिकटते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. कण गोळा होऊ नयेत म्हणून द्रवात साबणासारखे पदार्थ घालतात, तेच पृष्ठताण उतरवतात. मग फरक कणांमुळे पडला की साबणामुळे, हा गोंधळ. म्हणून कोन सांगताना थेंब ठेवून किती वेळ झाला, तापमान किती, कड पुढे सरकत होती की मागे, हेही सांगावे लागते. नुसता एक आकडा म्हणजे रुग्णाचा रक्तदाब एकदाच घेऊन निदान केल्यासारखे.

2003 मध्ये शिकागोतील दर्श वसन आणि ॲलेक्स निकोलोव्ह यांनी नेचर या नियतकालिकात दाखवून दिले की, थेंबाच्या पाचरीसारख्या निमुळत्या कडेत नॅनोकण थरांनी रचले जातात आणि त्या रचनेचा दाब द्रवाला पुढे ढकलतो. साध्या द्रवांसाठीचा यंग यांचा हिशेब तिथे पुरा पडत नाही. यंग यांना ही गोष्ट कळली असती तर ते खूश झाले असते, असे मानायला जागा आहे. स्वतःचे मत मागे घ्यायची सवय त्यांना विसाव्या वर्षीच लागली होती.

त्या निबंधाचे वैद्यकाशी नाते कळायला मात्र शतक जावे लागले. फुप्फुसात कोट्यवधी इवलेसे वायुकोश असतात आणि त्यांच्या आत पाण्याचा पातळ थर असतो. यंग यांच्या नियमानुसार इतक्या लहान, गोल, ओल्या पृष्ठभागाने मिटून जायला हवे. 1929 मध्ये, म्हणजे यंग जाऊन बरोबर 100 वर्षे झाली तेव्हा, कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवले की फुप्फुस हवेने फुगवायला जितका दाब लागतो, त्याहून द्रवाने फुगवायला कमी लागतो. म्हणजे विरोध मुख्यतः पृष्ठताणाचा आहे. त्यांच्याकडेही फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1950च्या दशकात जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातून काढलेल्या द्रावावर पट्टीच्याच काट्याने मोजणी केली आणि त्याचा ताण पृष्ठभाग आकसला की खूप खाली उतरतो, असे आढळले. 1959 मध्ये बोस्टनच्या मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी उलगडा केला: दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली जी बाळे श्वास घेता घेता निळी पडून दगावत, त्यांच्या फुप्फुसात ताण उतरवणारा हा पदार्थच पुरेसा तयार झालेला नसतो.

1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे बाळ याच विकाराने दोन दिवसांत गेले. जगातला सर्वात शक्तिमान बापही काही करू शकला नाही. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट नळीवाटे अशा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि ती सुधारली. आज नवजात अतिदक्षता विभागात फ्रीजमधून काढून, हातात धरून कोमट केलेली जी दुधासारखी पांढरी कुपी बाळाच्या नळीत रिकामी केली जाते, ती फॉस्फोलिपिडचे अतिसूक्ष्म कण विखुरलेला एक द्रवच असतो. तो फुप्फुसात किती झटपट पसरतो आणि ताण किती उतरवतो, यावर बाळाचा पुढचा श्वास अवलंबून. काचपेटीबाहेर उभ्या असलेल्या आईला यंग किंवा लाप्लास ठाऊक असण्याचे कारण नाही. तिची नजर पडद्यावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेली असते.

यंग यांच्या आयुष्याकडे परत वळायचे तर 1811 मध्ये त्यांना लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉक्टर म्हणून नेमणूक मिळाली आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. खाजगी व्यवसाय कधीच भरभराटीला आला नाही. रुग्णाला ठामपणा हवा असतो. यंग यांना प्रत्येक लक्षणाच्या चार शक्यता दिसत असाव्यात. पण त्यांनी वैद्यकाला दिलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. मुलाला औषध किती द्यायचे? वयाला वय अधिक 12 ने भागा आणि मोठ्या माणसाच्या मात्रेला त्याने गुणा, हा ‘यंगचा नियम’ त्यांचाच. चार वर्षांच्या मुलाला त्याप्रमाणे पाव मात्रा बसते. आता मात्रा वजनावर ठरते, तरी औषधशास्त्राच्या पुस्तकांत तो नियम अजून छापला जातो. डोळ्यात तीन रंगांचे ग्राहक असतात, ही कल्पनाही त्यांची. प्रकाशाच्या कड्यांवरून लोकरीच्या तंतूची जाडी मोजणारे एक उपकरण त्यांनी बनवले आणि त्यानेच रक्तपेशींचा आकार मोजला. 1808 च्या व्याख्यानात हृदयाचा ठोका लवचीक नळीतून लहरीसारखा किती वेगाने धावतो, याचे गणित त्यांनी केले. धमन्या ताठर झाल्या आहेत का, हे आज नाडीच्या लहरीचा वेग मोजून ठरवतात, ते याच वाटेने. 1815 मध्ये क्षयरोगावर ग्रंथ लिहिला. सोळाव्या वर्षीचा तो खोकला ते विसरले नसावेत.

बाकीचे उद्योग लपूनछपून चालत. ब्रिटानिकाच्या पुरवणीसाठी त्यांनी 60 हून अधिक लेख लिहिले, सुरुवातीला नाव न छापण्याच्या अटीवर. 1813 मध्ये एका निनावी परीक्षणात त्यांनी भारतापासून युरोपपर्यंतच्या भाषांच्या कुळाला ‘इंडो-युरोपियन’ हे नाव दिले. मराठी ज्या भाषाकुळात मोडते, त्याचे हे नाव एका डॉक्टरने फावल्या वेळात ठेवलेले आहे. 1814 पासून इजिप्तच्या रोझेटा शिळेवरील लिपीने त्यांना झपाटले. राजांची नावे असलेल्या चौकटी त्यांनी बऱ्याच अंशी उलगडल्या; पूर्ण कुलूप 1822 मध्ये फ्रान्सच्या शांपोल्यों यांनी उघडले आणि श्रेयाचा वाद आजही धुमसतो.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र न्याय फ्रान्समधूनच आला. तरुण इंजिनिअर फ्रेनेल यांनी स्वतंत्रपणे लहरींचा सिद्धांत उभा केला. 1816 मध्ये त्यांचे स्नेही आरागो आणि गे-ल्युसॅक हे वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी यंग यांना भेटायला आले. उन्हाळ्यात यंग तिथे दवाखाना चालवत. फ्रेनेल यांच्या शोधाचे कौतुक चालले असता यंग म्हणू लागले की हे तर आपण आधीच छापले आहे. पाहुण्यांना ते पटेना. तेवढ्यात एलायझा उठून आत गेल्या आणि यंग यांच्या 1807 च्या व्याख्यानांचा जाडजूड खंड नेमके ते पान उघडून त्यांनी पाहुण्यांसमोर ठेवला. पुढे 1827 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने यंग यांना आपले परदेशी सहकारी म्हणून निवडले.

1829 च्या सुरुवातीपासून त्यांना दम लागू लागला. अशक्तपणा वाढत गेला. इजिप्तच्या प्राचीन लोकलिपीचा शब्दकोश हातात होता. पेन धरवेना तेव्हा ते पेन्सिलीने लिहीत राहिले. 10 मे 1829 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. शवविच्छेदनात महाधमनी हाडासारखी कडक झालेली आढळली. लवचीक नळीतल्या लहरींचे गणित करणाऱ्याची स्वतःची नळी पन्नाशीतच लवचिकता गमावून बसली होती. रक्तदाब मोजण्याचे यंत्र तेव्हा नव्हते, त्यामुळे ती तशी का झाली, याचा तपास करायला जागा नव्हती.

केंट परगण्यातील फार्नबरो येथे पत्नीच्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचा स्मृतिफलक आहे. त्यावरचा मजकूर हडसन गर्नी यांनी लिहिला, तोच चौदाव्या वर्षीचा विद्यार्थी. त्यात प्रकाशाच्या लहरी आहेत, इजिप्तची चित्रलिपी आहे. थेंबाचा उल्लेख नाही.